हॅव नको

धाकटीच्या वहीत 'हॅव' हा शब्द तीनदा खोडलेला होता. तिसऱ्या वेळी कागदच फाटला होता. परदेशातल्या नर्सच्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा होती. त्या परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत दोघी बहिणी उभ्या होत्या, दोघीही नर्स. मागच्या बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"आय डिड नॉट वेंट."

"डिड आलं की वेंटचं गो होतं. कितीदा सांगू?"

"ताई, तुझ्याइतकं डोकं असतं तर!"

"डोकं माझं आणि विमान तुझं. पुढचं इंग्रजीत म्हण, 'मी त्या वॉर्डात सहा वर्षं काम केलं.'"

"आय हॅव वर्क्ड..."

"हॅव नको. हॅव म्हटलं की अजून तिथेच आहेस. तू राजीनामा देऊन मोकळी झालीस ना? नुसतं वर्क्ड."

"आणि तुझं वाक्य?"

"माझं हॅवच. अकरा वर्षं झाली, अजून त्याच वॉर्डात."

"चिडतेस कशाला?"

"चिडत नाही गं, जळतेय."

"मग दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' कोण म्हणतं?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"किती फॉर्म?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"एक," धाकटी म्हणाली.

"दोन द्या," ताई म्हणाली. "दुसरा माझा."