येसूबाईच्या रिंगचं माप

मंडळी, आज कीर्तनात एकच विचारतो. ज्याचं माप शून्य भरतं, ते नसतंच का हो? — माना डोलवू नका एवढ्यात! आधी ऐका.

एक होते जयवंत कुडाळे. मोबाइल कंपनीत इंजिनीअर. कामाला चोख, मनानं भला माणूस बरं का! काम काय? तर टॉवर वीज खातो किती आणि काम करतो किती, ते मोजायचं. टॉवरनं वाहिलेलं बोलणं, व्हिडिओ एकीकडे. जळालेली वीज दुसरीकडे. करा भागाकार! आकडा मोठा तर टॉवर गुणी, लहान तर खाऊन बसणारा! — असतात की आपल्यातही. ओ, शेजाऱ्याकडे बघून हसू नका!

तर कुसवड्याच्या डोंगरावरचा टॉवर. सकाळी सहा ते आठ वीज जळतेय, आणि वाहतंय काय? सहा महिन्यांचे आकडे काढले — शून्य! जयवंतरावांनी ठरवलं, हे दोन तास टॉवर झोपवायचा. वीज वाचेल, डिझेलचा धूर कमी होईल. वाईट काय त्यात? सांगा ना! काहीच नाही.

पण डोंगराच्या अल्याड राहायची येसूबाई झोरे. सत्तरी ओलांडलेली, एकटी. पल्याड तिची लेक हिरा. रोज सकाळी सातला म्हातारी लेकीला एक रिंग द्यायची नि कापायची. मिसकॉल! म्हणजे — 'उठले गं बाई, बरी हाय.' लेकीनं उचलायचा नाही. मग म्हातारी शेळ्या घेऊन रानात. तिथं कुठली रेंज? आता न उचललेल्या रिंगेत बोलणं कसलं? मापात येणार काय?

टॉवर झोपला. सात वाजले, रिंग नाही! हिराच्या काळजाचं पाणी झालं. अनवाणी डोंगर ओलांडून धावली — "आये!" तर म्हातारी शेळीचं दूध काढतेय! "मेले का काय मी? रेंज न्हाय मेली!" दुसऱ्या दिवशी धावली. तिसऱ्या दिवशीही. म्हातारी खेकसली, "पोरं उपाशी टाकून रोज माझं मढं बघाया येतीस व्हय?"

चौथ्या दिवशी रिंग नाही. हिरा म्हणाली, रेंज नसंल. आणि भाकऱ्या थापत बसली.

त्या दिवशी येसूबाई उजाडतानाच गोठ्याच्या पायरीवरून पडली होती, मंडळी. फोन घरात. दिवसभर तशीच. हिरा संध्याकाळी गेली, तेव्हा अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. — मृदंग नको, बुवा. राहू द्या.

महिन्याभरानं जयवंतराव टॉवरवर आले. आकडा वाढलेला, स्वारी खूश! साहेब आलेत कळल्यावर हिरा वर गेली. "सायब, सकाळची रेंज कुठं जाती?"

"ताई, त्या वेळी इथून कुणी बोलतच नाही. बंद ठेवतो."

तिनं सगळं सांगितलं. जयवंतरावांनी कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ शोधलं.

"माझ्या आयेचं कायबी न्हाय त्यात?"

"नाही, ताई."

"रोज करायची वो ती!"

त्या माणसाला स्वतःची शिसारी आली. तिथल्या तिथं त्यांनी ते दोन तास पुन्हा चालू केले. हिरा म्हणाली, "आता कशापायी, सायब? आता मला कोण रिंग देतंय?"

मंडळी, जयवंतरावांना नावं ठेवू नका. त्यांनी डोंगरावर केलं, आपण घरात करतो! ओसरीवरचा बाप — कमवत नाही, बोलत नाही, लावा शून्य! सकाळी तो खोकला की तेवढं कळतं, आहे. अहो, उद्या तो खोकला ऐकू आला नाही, तर 'झोपला असेल' म्हणू नका. हातातला चहा ठेवा. देवाचं नाव मागाहून घ्या — आधी उठा, आणि जाऊन बघा!