पेडगावचं अर्धं आख्यान

दस्तगीर : …काच वर करू नका मामी, ढगच हाय तो. ह्या खिडकीनं आत येतोय, त्या खिडकीनं भाईर जातोय. काय करत न्हाई.

सगुणाबाई : यांच्या छातीत बसला म्हंजे? उद्या सकाळी गळ्याचं ऑपरेशन हाय यांचं. मिरजेच्या डॉक्टरनं एक दिवस मोकळं सोडलंय, ते का भिजायला?

बुवा : भिजू दे गं. आपल्या परभणीत ढगाकडं बघून बघून मान मोडती. हितं तो खाली हाय, आपण वर.

सगुणाबाई : तुमी बोलू नका. आवाज बघा, जात्यात खडा अडकल्यावानी यायलाय.

दस्तगीर : गगनबावडा मागं पडला बगा. हा करूळचा घाट. खाली उतरलो की कोकण, मग तांबड्या दगडाचा सडा, आन सड्याच्या टोकाला दर्या. दुपारी पोचतोय. दिवस मावळायच्या आत परत घाट चढायचा, ह्या अँबॅसिडरचा एकच दिवा पेटतोय.

बुवा : काय झाडी हाय. सगुणा, मी तीस वर्सं कीर्तनात मारुतीला द्रोणागिरी उचलायला लावला, पण माझ्या मनात आपली जिंतूरकडची उघडी टेकडीच असायची. असला डोंगर असता तर मारुतीनंबी आधी कंबर चाचपली असती.

दस्तगीर : बुवा म्हंजे कीर्तनवाले बुवा व्हय? मला वाटलं नुस्तं नाव हाय. मग त्या मारुतीचं फुडं काय झालं? आमच्या गल्लीच्या तोंडाला सोंगं यायची, पर डोंगर निघाला की मला झोप लागायची.

सगुणाबाई : सांगा की त्यांला. सांगा.

बुवा : अगं, आत्ता तर बोलू नका म्हणत होतीस.

सगुणाबाई : तेवढं एक सांगा. मग दिवसभर तोंड मिटून बसा.

बुवा : न्हाई. दस्तगीरभाऊ, त्याची हकीकत अशी हाय. श्रावणात आमच्याकडं पेडगावला सप्ता होता. लक्ष्मणशक्तीचं आख्यान लावलं. शक्ती लागली, लक्ष्मण पडला, मारुती डोंगर आणायला निघाला, आन माझा गळा बंद झाला. एक अक्षर निघंना. सारा गाव समोर बसलेला. लक्ष्मणाला निजलेला ठेवून लोक घरी गेले.

दस्तगीर : मग? गोष्ट तर सगळ्यास्नी म्हाईत असती.

बुवा : म्हाईत असती. पण कथेकऱ्यानं निजवलेला लक्ष्मण कथेकऱ्यानंच उठवायचा असतो. तो पडलेला असताना श्रोत्यानं उठून आपल्या घरचा उंबरा ओलांडू नये, असा आमच्याकडं रिवाज हाय. कडूबाई म्हणून एक म्हातारी दुसऱ्या दिवशी एसटीपाशी आडवी आली. म्हणली, बुवा, आमच्या लक्ष्मणाला कवा उठवता? मी हातानंच खूण केली, उठवतो. पोळ्याच्या आत म्हातारी गेली.

सगुणाबाई : तिचं वय झालं होतं.

बुवा : तशीच गेली ना. आता ऑपरेशन झालं की पेडगावला जायचं, त्याच पारासमोर उभं राह्यचं, आन तिथूनच पुढं धरायचं. ज्यांच्यापुढं अर्धं राह्यलं त्यांच्यापुढंच पुरं. म्हणून तर आवाज जपायलोय, भाऊ.

दस्तगीर : ह्या वळणावर धबधबा हाय, बुवा. सगळी उतरत्यात हितं.

बुवा : थांबव. बघू दे.

(बुवा काठी टेकत कठड्यापर्यंत जातात. दोघं गाडीपाशीच.)

दस्तगीर : मामी, डोळं कशापायी पुसताय? माणूस तर खुशीत हाय.

सगुणाबाई : म्हणूनच. त्यांला सांगितलंय, गळ्यात गाठ हाय, काढली की मोकळं होईल. नर्सबाईनं मला कोपऱ्यात नेऊन खरं सांगितलं. गाठीसंगं बोलायची पेटीच काढायलेत. जीव राहील, आवाज न्हाई. कधीच न्हाई.

दस्तगीर : या अल्ला. आन त्यास्नी म्हाईत न्हाई?

सगुणाबाई : ते पेडगावसाठी आवाज जपायलेत, बघा. समुद्र दावायचा हे माझं निमित्त. म्हणलं, पाणी दिसंल, डोंगर दिसंल, आपसुक तोंडातून निघंल. कुणापुढं का होईना, पुरं करून टाकतील. तुमी जरा विचारत राहा, भाऊ. परक्याला ते नाराज करत न्हाईत.

दस्तगीर : विचारतो. पर मामी, उद्या शुद्धीवर आल्यावर तुमच्याकडं बघतील ना ते. तवा काय करशीला?

सगुणाबाई : ते मला आत्ता विचारू नका. आलेच बघा ते.

बुवा : पाणी अंगावर उडालं. नुसता तुषार. दस्तगीरभाऊ, कोण जाणं, तुमच्याकडंच असतील त्या वैद्याच्या वनस्पती.

दस्तगीर : मग मारुतीनं त्या उचलल्या कशा, बुवा? मला मुलूखभर गाडी हाकायची हाय, डोक्यात तेच राहील बगा.

बुवा : पेडगावला ये. शिधा माझ्याकडं.

*

दस्तगीर : हा सडा. झाड न्हाई, घर न्हाई, निस्तं गवात आन फुलं. आता हितनं चालत या. संभाळून, फुडं कडा हाय. …त्यो बगा.

सगुणाबाई : माय गं. ह्याला पलीकडचा काठच न्हाई.

(बुवा काठी रोवत कड्याकडं दोन पावलं जातात.)

सगुणाबाई : बोला की काही. तीस वर्सं समुद्राचं वर्णन करायलाव. वानरं उतरवलीत ह्याच्यावरून.

बुवा : मी ह्याला गोदावरीच्या पुरासारखा सांगत होतो. सोनपेठकडचा पूर. पूर दोन दिवसांनी ओसरतो, सगुणा.

सगुणाबाई : मग आता नीट सांगा. मी हाय, दस्तगीरभाऊ हाय. दोन माणसं म्हंजे सभाच. शक्ती लागली तिथून धरा.

बुवा : सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणलीस. जन्मात कधी सांगा म्हणून मागं लागली न्हाईस.

सगुणाबाई : असंच वाटलं.

बुवा : माझ्याकडं बघ. नर्सबाईनं तुला कोपऱ्यात नेलं होतं, मी खाटेवरून बघितलंय. तवा फिकीर केली न्हाई. काय म्हणली ती?

सगुणाबाई : …जीव राहील म्हणली.

बुवा : आन?

सगुणाबाई : तेवढाच राहील म्हणली.

दस्तगीर : बुवा, खाली बसा. कड्यापासनं मागं या.

बुवा : पांडुरंगा. म्हंजे पेडगाव संपलं.

सगुणाबाई : आपण परत जाऊ. ऑपरेशन नको. सकाळच्या एसटीनं गावाकडं जाऊ.

बुवा : आन काय करू तिथं? ह्या आवाजात, ही गाठ घेऊन किती दिवस जगू? …सर जरा. उभा राहू दे. दस्तगीरभाऊ, ऐका. शक्ती लागली. रामराय डोकं मांडीवर घेऊन बसले. रात सरत आली, आन उत्तरेकडून… उत्तरेकडून…

दस्तगीर : पाणी घ्या.

सगुणाबाई : सावकाश घ्या. घाई न्हाई कशाची.

बुवा : उत्तरेकडून…

सगुणाबाई : राहू द्या. ओठाला रगत आलंय. राहू द्या म्हणते ना.

बुवा : तू सांग.

सगुणाबाई : मी?

बुवा : गावोगाव माझ्यासंगं हाईस. माझ्याच शब्दांत सांग. मी ऐकतो.

सगुणाबाई : मारुती डोंगर घेऊन आला. वैद्यानं पाला हुंगवला. …आन लक्ष्मण उठला.

बुवा : असं न्हाई. डोळे उघडल्यावर पैल्यांदा काय बोलला? बायका त्या बोलण्यावर पदर डोळ्याला लावायच्या.

सगुणाबाई : मला म्हाईत न्हाई.

बुवा : चेष्टा करू नको.

सगुणाबाई : खरंच न्हाई. मारुती उडाला की मी उठायचे. वाती, कापूर, परसाद. माझ्या आरतीच्या ताटाला दुसऱ्याचा हात नको, आन बोल संपला की ताट पुढं पाह्यजे, हे लग्नाच्या साली तुमीच सांगितलं. शेवटापातूर मी एकदाबी बसले न्हाई.

बुवा : एकदाबी?

सगुणाबाई : बायकांचं रडू आत ऐकू यायचं. मी म्हणायचे, आज चांगलं झालं.

बुवा : हिकडं ये. कान हिकडं कर.

दस्तगीर : मी गाडी वळवून घेतो, मामी. या तुमी.

*

दस्तगीर : मागं चादर हाय, टाका त्यांच्या अंगावर. झोपलं जणू.

सगुणाबाई : डोळा लागलाय आत्ताच.

दस्तगीर : सांगितलं का मग त्यांनी? काय बोलला म्हणं?

सगुणाबाई : ओठ हलले. कानाला ऊन ऊन वारा लागला. बाकी दर्याचाच आवाज.

दस्तगीर : परत विचारायचं की.

सगुणाबाई : परत कसं विचारू, भाऊ? मी मान हलवली. त्यांला वाटलं, मला ऐकू आलं.