तालमीत न बोलायचं वाक्य

शेषराव : हात सोड मास्तर. मी आत जातो अन् पुंजाजीले खरं सांगतो.

चिंतामण : हळू बोल. दार उघडं आहे.

शेषराव : बुलढाण्याच्या डॉक्टरनं हात टेकले, घरी न्या म्हनला. अन् तू त्याले सांगून राह्यला, यात्रेतल्या नाटकात यंदाबी राजा तूच म्हनून.

चिंतामण : आशावहिनींनी पदर पसरला माझ्यापुढं. आमच्या ह्यांना कळू देऊ नका म्हणाल्या.

शेषराव : तू स्टेजवरबी असाच. राजाले इख पाजलं म्हनून मी तलवार उपसतो, अन् तू माह्यं मनगट धरून उभा.

चिंतामण : मी धरतो म्हणून राजाचं शेवटचं बोलणं लोकांना ऐकू येतं. तू काय, आरडाओरडा करून मरून मोकळा होतोस.

शेषराव : त्याच्यासंग मरतो. तू मांगं राह्यतो, दिवा मालवतो. अन् तुह्या डोळ्यात टिपूस नाई. तवाबी नाई, आताबी नाई.

चिंतामण : मी रडलो की त्याला कळेल, शेषराव.

शेषराव : तुले राग तरी येते का बे?

चिंतामण : येतो. तुझाच येतो. तुला रडता येतं म्हणून.

शेषराव : घे. सोडला हट्ट. काय करू सांग.

चिंतामण : पुंजाजी सकाळपासून तालीम घ्या म्हणतोय. शेवटचा प्रवेश. तेवढा करू. मग तुला काय सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही.

शेषराव : शेवटचं वाक्य सोडून ना?

चिंतामण : नेहमीसारखं. राजा 'गड्यांनो' म्हणेल आणि थांबेल. ते वाक्य तालमीत बोललं की खेळ संपतो, हे तुझ्या आज्यानंच शिकवलं आपल्याला.

(दोघं आत जातात. पुंजाजी खाटेवर, भिंतीला टेकून. चिंतामण त्याच्या उशाशी बसतो आणि पांघरूण उगाच सारखं करत राहतो.)

पुंजाजी : काऊन भांडून राह्यले बाहेर?

शेषराव : भांडत नोहोतो. पाठ करत होतो.

पुंजाजी : मंग उपस तलवार.

शेषराव : महाराज, हुकूम द्या! ज्या हाताने विषाचा पेला दिला, तो हात तोडून आपल्या पायाशी आणतो!

चिंतामण : थांब मित्रा. महाराज काही बोलताहेत.

पुंजाजी : एकाने माझ्यासाठी तलवार उपसली. एकाने माझ्यासाठी आसवं गिळली. दोघंही माझेच. गड्यांनो...

चिंतामण : बस, पुंजाजी. झालं. छान झालं.

पुंजाजी : गड्यांनो, आता दिवा मालवा.

शेषराव : पुंजाजी...

चिंतामण : अरे, ते नाही बोलायचं. तालमीत नसतं बोलायचं ते.

पुंजाजी : तालीम कुठं हाये, मास्तर.