फटीतल्या वस्तू

वहिनी : किल्ली टेबलावर नका ठेवू, भावजी. हातात धरा. आधी काय झालं ते सांगा.

भावजी : सांगितलं की. मुलगा बोलावतोय. घड्याळाचं दुकान बंद करून वर्ष होत आलं. इथे वाचनालयात कोणासाठी बसू?

वहिनी : मुलगा तर गावातला कारखाना बंद पडल्यापासून बोलावतोय. तेव्हा नाही गेलात. आणि आज वाचनालय उघडायची माझी पाळी असताना मुद्दाम आलात. खरं बोला.

भावजी : खरं म्हणजे... माझ्या दिवशी कोणी येत नाही, वहिनी.

वहिनी : म्हणजे?

भावजी : म्हणजे कोणीच नाही. दार उघडतो, फडकं मारतो, बसतो. तुमच्या दिवशी मात्र वर्दळ असते. मी उघडतो तेव्हा कपाटात नेलेल्या पुस्तकाची नवी फट, फटीत वाचकानं ठेवलेली नवी वस्तू. लोक तुमची वाट बघतात. माझं तोंड बघून माघारी जात असतील. मग मी तरी आड का येऊ?

वहिनी : माझ्या दिवशी वर्दळ?

भावजी : त्या दाढीच्या ब्रशवाल्याचंच घ्या. जाडजूड पुस्तकं नेतो, आठवड्यात परत करतो, ब्रश उचलून दुसऱ्या फटीत ठेवतो. तसा एक वाचक माझ्या वाट्याला आला असता तर मी हललो नसतो. कसा आहे हो तो? वयस्कर असेल ना?

वहिनी : बसा जरा.

भावजी : बसलोच आहे.

वहिनी : तो ब्रश यांचा आहे.

भावजी : कोणाचा?

वहिनी : आमच्या यांचा. हे गेल्यापासून मोरीतल्या फळीवर तसाच होता. टाकवत नव्हता. मी आणून ठेवला. पुस्तकं मीच घरी न्यायची.

भावजी : आणि ते अंगुस्तान? लोकरीचा गुंडा?

वहिनी : शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी दुसरं काय मिळणार? तुमच्या लक्षात कसं आलं नाही, नवलच आहे.

भावजी : मला वाटलं तुमच्या मैत्रिणी येतात.

वहिनी : मैत्रिणी! समोरची गेली लेकीकडे, कोपऱ्यावरची गेली भावाकडे. आमच्या आळीत आता मी आणि एक मांजर. तेही जेवणापुरतं.

भावजी : पण कशाला केलंत हे?

वहिनी : तुम्ही एकदा म्हणालात ना, वाचकच नसतील तर ही खोली उघडून मी काय राखण करतोय, पुस्तकांची का भिंतींची? सगळे गेले तसे तुम्हीही जाणार. म्हटलं, चार वस्तू दिसल्या तर टिकतील. बरं, ती गंमत राहू दे. तुमच्या दिवशी कोणी येत नाही म्हणता, मग सायकलच्या घंटीवाला कधी येतो?

भावजी : तो येत नाही, वहिनी.

वहिनी : भावजी?

भावजी : दुकान आवरताना गिऱ्हाइकांच्या वस्तू सापडल्या. न्यायला कोणी आलंच नाही. घंटी, चष्म्याचं घर, घड्याळाचे पट्टे.

वहिनी : अहो, त्या घंटीवाल्यासाठी मी प्रवासाची पुस्तकं वेगळी काढून ठेवत होते! पुढच्या फळीवर, त्याच्या हाताला लागतील अशी. वाटायचं, कोणीतरी लांब निघालंय बिचारं.

भावजी : वाचली मी ती. सगळी.

वहिनी : आवडली?

भावजी : वाळवंटाचं आवडलं. बोटीचं फार लांबलं.

वहिनी : मलाही तसंच वाटलं होतं. पण का हो, तुम्ही का केलंत?

भावजी : दादा गेल्यावर तुम्ही इथे येऊन नुसत्या दाराकडे बघत बसायचात. मी रस्त्यावरून बघायचो. आत यायचा धीर झाला नाही. तुमचा दिवस, म्हटलं.

वहिनी : आणि मी तुमच्या दिवशी घरात एकटी. शहाणेच आहोत दोघं. एकानं झाकावं आणि दुसऱ्यानं फसावं, आळीपाळीनं.

भावजी : दादांना कळलं असतं तर हसले असते.

वहिनी : यांचंच तर सगळं. वर्गणी नको, नाव विचारायला नको. पुस्तक काढा, त्या फटीत आपली एखादी वस्तू ठेवा, परत द्याल तेव्हा घेऊन जा. मी म्हटलं होतं, लोक फसवतील. फसवलं कोणी, तर आपण.

भावजी : मग आवरू या आता. खोटी माणसं किती दिवस सांभाळायची?

वहिनी : आवरा. तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढते.

(दोघं कपाटातून आपापल्या वस्तू काढून टेबलावर ठेवतात.)

भावजी : हा बिल्ला राहिला तुमचा.

वहिनी : कसला बिल्ला?

भावजी : कारखान्याचा. फाटकावर दाखवायचा तो. टाचणी वाकलीय, आकडे घासून गेलेत. दादांचा असेल.

वहिनी : यांनी निवृत्त होताना जमा केला होता. तुमच्या दुकानातला असेल.

भावजी : माझ्याकडे बिल्ला कोण दुरुस्त करायला देईल?

वहिनी : भावजी, शपथेवर सांगा.

भावजी : शपथ. माझा नाही.

वहिनी : माझाही नाही.

भावजी : या फटीत कुठलं पुस्तक होतं?

वहिनी : नोकरीसाठी अर्ज कसा लिहावा, ते. निळ्या पुठ्ठ्याचं. परवा मी पुसलं होतं की.

भावजी : म्हणजे काल. माझ्या दिवशी.

वहिनी : आणि तुम्हाला दिसला नाही?

भावजी : दुपारी जरा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा दार लोटलेलं होतं. मी तर उघडं ठेवलं होतं. वाटलं, वारा.

वहिनी : वारा दार आपटतो, भावजी. हळू लोटत नाही.

भावजी : माझी झोप मोडू नये म्हणून...

वहिनी : हो.

भावजी : बंद कारखान्याचा बिल्ला. तो न्यायला कशाला परत येईल कोणी?

वहिनी : बिल्ल्यासाठी नाही येणार. पुस्तक द्यायला येईल. नोकरी लागली तरी, नाही लागली तरी.

भावजी : मग ही किल्ली?

वहिनी : उद्या तुमचीच पाळी आहे.

भावजी : आणि पुन्हा डोळा लागला तर?

वहिनी : लागू दे. मी दाराकडे बघत बसेन.