निदियाच्या मापाची

"बाबा, आटपा ना. बाहेर दुधाचे कॅन उन्हात तापतायत."

कोलंबियातल्या दुइतामा गावात, सायकलच्या दुकानात पंक्चरवाली ट्यूब घेऊन मी रांगेत उभी होते. पुढे दूधवाला अन्सेल्मो आणि त्याची लेक निदिया. तिच्यासाठी शर्यतीची पहिली सायकल घ्यायला आलेले.

"थांब गं. ही लाल बघ. कार्बनची आहे, एका बोटाने उचलशील."

"उचलेन हो, पण पाय पेडलला पुरत नाहीत."

"सीट खाली घे."

"सीट तळाला टेकली, अन्सेल्मोभाऊ," दुकानवाली रोसाल्बा म्हणाली. "ती लाल तुमच्या मापाची आहे. ही जुनी ॲल्युमिनियमची पोरीला चपखल बसते. उरलेल्या पैशात चांगली चाकं येतील."

"जुनी? शर्यतीत लोक हसतील."

"गेल्या रविवारी सायकलवर दूध घेऊन मी चर्चचा चढ चढले, तेव्हा कोण हसलं?" निदिया म्हणाली.

"कॅन रिकामे होते."

"एक भरलेला होता. तुम्हीच वर घड्याळ घेऊन उभे होतात. किती मिनिटं लागली, ते अजून सांगितलं नाहीत."

"आम्ही विचारलं की आम्हाला दुधाचा भाव सांगतात," रोसाल्बा म्हणाली.

अन्सेल्मोने लाल सायकलच्या हँडलवरून एकदा हात फिरवला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

"एकोणीस. मला उभ्या जन्मात वीसच्या खाली जमलं नाही, तेही मोकळ्या सायकलवर. रोसाल्बाताई, पोर माझ्यापुढे गेली. हिच्या मापाची द्या."