पुतळीवरची फुली

हळू बोला, सर — थोरले भाऊजी ओसरीवरच बसलेत, कान हिकडंच हायेत त्यांचे. ही पुतळी, सोन्याचं नाणं, जुनी हाय, हे कुणी नाकारलंय? रोमच्या राजाचं मुंडकं, दीड हजार वर्सांचं सोनं — असंल. तेरच्या पांढरीत, जुन्या गावाच्या टेकाडात, असलं घावतंच. घराच्या धाब्यावर टाकायला माती चाळताना मलाच घावली की, घरात आणून ठेवली. भाऊजींनी तुम्हाला धाराशिवावरनं बोलावलं ते फुलीचं इचारायला. ही राजाच्या गालावर टोच्यानं ओरबाडलेली — ही नवी हाय. न्हाय कशी? तुमचं भिंग काय देव हाय का?

ख्रिस्ती लोकांची खूण? क्रूस? — असंल त्यांच्यात. आमच्यात फुली म्हंजे फुली. सातवीपर्यंत शिकलेय मी. बाई वहीवर फुली मारायच्या — चूक, खोडलं, बाद. अन् ही माझ्या महेश्वरीच्या गळ्यात कुणी बांधली? जावंनं. ह्या भाऊजींच्या बायकोनं, सिद्धम्मानं. सोताला लेकरू न्हाय, अन् माझ्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवून — लई माया! तिसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली. मी दोरा तोडला, चार बायांना फुली दाखवली, म्हणलं बघा, फुली कोरून माझ्या लेकराला बाद करायला निघाली ही. एवढंच म्हणलं. पुढचं गावानं केलं. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना, मठात कुणी शेजारी बसू देईना — शेवटी भाऊजींनीच भूमच्या बसमधी बसवून दिली, माहेरी. खिडकीतनं माझ्या पोरीकडंच बघत हुती, सटवी.

ताप? — उतरला की दुसऱ्या दिवशी. दीड वर्साची सुई हुती, नर्सबाई म्हणालीच हुती ताप येईल म्हणून — ते कशाला लिवून घेताय? ठेवा पेन.

तुम्हाला काय ठावं, सर. नऊ महिने वागवली मी, अन् पोरीचा पहिला बोल ‘आई’ — तोंड तिच्याकडं करून. माझ्याकडं घेतली की किंचाळायची. मी काय नुसती पाजायला हाय का घरात? पुतळी धुतली तवाच माझ्या मनात आलं, ही फुली — नव्हती. धुतली तवा नव्हती फुली. मी कुठं म्हणले, ‘हुती’ म्हणून?

काय म्हणालात? राखणीची? जीव सुखरूप ऱ्हावा म्हणून कोरायचे, अन् गळ्यात घालायचे?

म्हंजे तिनं बांधली ते —

गप बसा. गप बसा म्हणते. हे भाऊजींच्या कानावर गेलं तर आजच्या आज भूमला जातील ते. घेऊन येतील तिला. अन् माझी पोर या उंबऱ्यावरनं पळत जाईल तिच्याकडं, मी बघत ऱ्हायचं.

हे बघा, सर. भाऊजी म्हणाले असतील, नुसती बघा, द्यायची न्हाय. मला घावली, मी देते. न्या धाराशिवला, काचंत ठेवा, खाली तुमचं नाव लिवा. खोटं बोला कोण म्हणतंय? तुम्ही बोलूच नका. मी बोलते.

ओ भाऊजी! सर म्हणतेत, फुली ताजीच हाय! टोच्यानं कोरलेली!

...बसले बघा परत. चप्पल घालायला उठले हुते.

पिशवीत घातली न्हवं? चेन लावा नीट. शिकलेल्या माणसाला गप ऱ्हायला बरं जमतं. — पोर? रडू द्या. गळा चाचपतीय, दोरा हुडकतीय. इसरंल चार दिवसांत. च्या इचारत न्हाय, सर. निघा. ढोकीची बस चुकंल.