आम्ही म्हणजे कोण?

घरासाठी मदत देणाऱ्या कचेरीतल्या रांगेत माझ्यापुढे एक टेलरमास्तर आणि एक निवृत्त नर्सबाई उभ्या होत्या.

"तुमचा हा मोबाइलमधला एआय नुसती उडवाउडवी करतोय, सिस्टर."

"विचारलंत काय, मास्तर?"

"घर मिळेल का?"

"मापं न घेता कापड बेतता का तुम्ही? द्या इकडे. 'आम्ही दोघं साठीपुढचे, शेजारशेजारच्या भाड्याच्या खोल्यांत राहतो. आम्हाला मिळून एक घर हवंय. कागदपत्रं कोणती लागतील?'"

"काय म्हणतो?"

"विचारतोय, आम्ही म्हणजे कोण? नातं सांगा."

"आता?"

"शेजारी लिहू?"

"सहा वर्षं तेच तर सांगतोय सगळ्यांना."

"मग काय लिहू?"

"त्याला विचारा, लग्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो?"